ग्रेड वनच्या काकू, ग्रेड थ्रीचे जावई

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की माणूस वरचं काहीच वाचत नाही, थेट तळाच्या ‘इम्प्रेशन’वर उतरतो. तिथे ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असेल तर ‘हे काय, सगळ्यांनाच असतं’. ग्रेड टू असेल तर रात्री मोबाइलवर शोधाशोध. आणि ग्रेड थ्री असेल तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अख्खं घर.

तसंच एक घर मागच्या वर्षी माझ्यासमोर येऊन बसलं. जावई ३६ वर्षांचे, सॉफ्टवेअरमधले, वजन ९१ किलो, रिपोर्ट ग्रेड थ्री. सोबत बायको आणि सासूबाई. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, लॅबचे आकडे तसेच ठेवलेत.) सासूबाईंचाही रिपोर्ट होता, पण तो पिशवीतच. “माझं ग्रेड वन आहे हो डॉक्टर. पाच वर्षांपूर्वी टू होतं, आता उतरलंय. यांचं बघा आधी.” ग्रेड उतरल्याचं सगळं श्रेय त्यांनी रोज सकाळच्या दुधीच्या रसाला देऊन टाकलं होतं.

त्या खोलीत ज्यांचं यकृत खरोखर संकटात होतं, त्या या काकू होत्या. जावई नव्हेत.

ही उलटी गोष्ट कळायची तर आधी ग्रेड म्हणजे काय ते बघू. सोनोग्राफी करणारे डॉक्टर पडद्यावर यकृताचा रंग शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाशी ताडून बघतात. चरबीमुळे यकृत जास्त पांढरं, चकचकीत दिसतं. किंचित जास्त पांढरं दिसलं तर ग्रेड वन. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर टू. मागचा श्वासपटलाचा पडदाही दिसेनासा झाला तर थ्री. ग्रेडचा अर्थ एवढाच, की चरबी किती पांढरी दिसते. यकृताला इजा किती झाली, ते किती कडक झालं, याबद्दल ग्रेड काही म्हणजे काही सांगत नाही. दोन डॉक्टरांनी एकच पोट बघितलं तर ग्रेड वेगळी पडू शकते. आणि चरबी फार कमी असेल, साधारण वीस-तीस टक्क्यांच्या आत, तर ती सोनोग्राफीतून निसटूही शकते. ‘फॅटी लिव्हर’ म्हणायला मात्र यकृताच्या ५ टक्के पेशींत चरबी साठलेली असणं पुरतं.

यकृत म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड बसलेला साधारण दीड किलोचा अवयव. मटणाच्या दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो, तेच. ताजी कलेजी हातात घेतली असेल तर माहीत असेल: गडद तांबूस, गुळगुळीत, बोट लावलं की दबणारी. चरबी भरलेलं यकृत पिवळसर, फुगलेलं आणि तुकतुकीत होतं. आणि सिरॉसिसचं यकृत म्हणजे वर गाठीच गाठी, आक्रसलेलं, दाबलं तर न दबणारं. या तीन रूपांमधला प्रवास सगळ्यांचा होत नाही. ज्यांचा होतो त्यांना तो कळत नाही, ही खरी अडचण.

आता ही चरबी येते कुठून? ‘तेलातून’ असं उत्तर दहातले नऊ जण देतात. अमेरिकेत २००५ साली काही मोजक्या रुग्णांवर एक फार सुंदर प्रयोग झाला. शरीरातल्या आणि अन्नातल्या चरबीला ओळखीच्या खुणा लावून ती यकृतात कुठून पोचते ते शोधलं. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के अंगावरच्या साठ्यातून आलेली होती, २६ टक्के यकृताने स्वतःच साखर-पिठापासून बनवलेली, आणि जेवणातल्या तेला-तुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. म्हणून जावईबापूंनी फोडणीतलं तेल बंद करून सकाळच्या चहात दोन चमचे साखर चालू ठेवली, यात फारसा अर्थ नव्हता.

अंगावरचा साठा यकृतात का येतो? जुन्या घरात धान्य कणगीत असायचं. कणगी भरली, वरून ओतणं चालूच राहिलं, की धान्य सांडतं. आधी कणगीभोवती, मग स्वयंपाकघरात, मग पाय ठेवायला जागा राहत नाही. कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी. ती चरबी दिसायला वाईट असेल, पण बऱ्यापैकी निरुपद्रवी असते, कारण चरबी ठेवण्यासाठीच तिचा जन्म आहे. ती भरली की चरबी पोटातल्या आतड्यांभोवती आणि यकृतात सांडते. आणि यकृत हे स्वयंपाकघर आहे, कोठार नव्हे.

इन्सुलिनचं नाव आपण रक्तातल्या साखरेशी जोडतो, पण त्याचं दुसरं मोठं काम म्हणजे या कणगीचं झाकण लावून ठेवणं. जेवण झालं, इन्सुलिन वाढलं, की चरबीच्या पेशींना निरोप जातो: आता बाहेर काही सोडू नका. पेशी हा निरोप ऐकेनाशा झाल्या की झाकण उघडंच राहतं आणि चरबी दिवसरात्र रक्तातून यकृताकडे वाहते. निरोप पोचत नाही म्हणून शरीर आणखी इन्सुलिन बनवतं. आणि गंमत अशी, की यकृत इन्सुलिनचं निम्मंच ऐकेनासं होतं: ‘साखर बनवणं थांबव’ हे ऐकत नाही, ‘साखरेची चरबी कर’ हे मात्र निष्ठेने ऐकतं. त्यामुळे शुगर पण वाढते आणि चरबी पण. मधुमेह आणि फॅटी लिव्हर यांत आधी कोण आणि नंतर कोण हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. टाइप टू मधुमेह असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या यकृतात चरबी सापडते.

साखरेतल्या फ्रुक्टोजबद्दल एक शब्द. आपल्या साध्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा मोठा वाटा यकृताच्याच गळ्यात पडतो, आणि गरजेपेक्षा जास्त झालं की त्याची तिथे चरबी होते. “मग गूळ चालेल ना?” हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा येतो. यकृताच्या दृष्टीने गूळ ही तपकिरी साखर आहे. मधही वेगळा नाही. फळ खाल्लं तर चोथ्यामुळे साखर हळू पोचते आणि माणूस एक-दोन फळांवर थांबतो. रस काढला की चार संत्री एका दमात पोटात जातात.

काकूंकडे परत येऊ. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.५: नोकरीच्या मेडिकलमध्ये कुणीही ‘उत्तम’ लिहील असा. पण टेप लावला तर कंबर ८६ सेंटिमीटर. हातपाय काटकुळे आणि पोटाचा नगारा: ही ठेवण आपल्याकडे इतकी सर्रास आहे की तिला कुणी आजार मानतच नाही.

या ठेवणीवर जगातलं महत्त्वाचं काम पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे मित्र जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला ‘वाय-वाय’ कोडं म्हणतात. हे जन्मापासूनच असतं, असं त्यांच्या पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासातून पुढे आलं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपलं बाळ सगळ्या बाजूंनी लहान: स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकवून ठेवलेली. ‘थिन-फॅट इंडियन’ हा शब्द इथून रूढ झाला. म्हणून भारतीयांसाठी पट्टी कडक आहे. बीएमआय २३च्या पुढे गेला की सावध व्हायचं, २५ची वाट बघायची नाही. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०च्या आत. गावात आशाताई एनसीडीचा, म्हणजे मधुमेह-बीपीसारख्या न पसरणाऱ्या आजारांचा फॉर्म भरताना टेप लावतात तो यासाठीच. घरी मोजायची तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, शिंप्याच्या टेपने. पँटचा नंबर सांगू नका. पुरुषांची पँट पोटाच्या खाली बसते आणि नंबर वीस वर्षं तोच राहतो.

हडकुळ्या माणसांतल्या फॅटी लिव्हरचा आणखी एक भारतीय पुरावा पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला. तिथल्या गरीब, कष्टकरी खेड्यांत २०१०च्या सुमाराला प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ८.७ टक्के लोकांना फॅटी लिव्हर निघालं, आणि त्यातल्या तीन-चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५च्या आत होता. नंतर एम्सच्या डॉक्टरांनी देशभरातल्या अभ्यासांची मोट बांधली तेव्हा प्रौढांतलं प्रमाण ३८.६ टक्के आलं. केंद्र सरकारने २०२१मध्ये हा आजार मधुमेह-कर्करोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तो उगीच नव्हे.

नावाचाही घोळ निस्तरून टाकू, कारण त्या नावाने घराघरांत भांडणं लावलीत. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग या पॅथॉलॉजिस्टने २० रुग्णांची हकिकत छापली. त्यांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली दारूड्याच्या यकृतासारखे दिसत होते, पण ते पीत नव्हते. त्यात बायका जास्त होत्या. तोवर अशा रुग्णाने ‘मी घेत नाही’ म्हटलं तरी डॉक्टरांच्या भुवया वर जायच्या. लुडविगने आजाराला नाव दिलं ‘नॉन-अल्कोहोलिक स्टीटोहेपेटायटिस’, म्हणजे दारूविना झालेली चरबी आणि सूज. पुढे सगळ्या गटाचं नाव एनएएफएलडी, म्हणजे दारूविना झालेलं फॅटी लिव्हर, असं झालं. २०२३ साली ते बदलून एमएएसएलडी केलंय. आजार कशामुळे नाही हे सांगण्यापेक्षा कशामुळे आहे, म्हणजे चयापचयाच्या बिघाडामुळे, हे नावातच यावं असा विचार. यकृतात चरबी आणि जोडीला वाढलेलं वजन वा कंबर, शुगर, बीपी, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, कमी झालेलं चांगलं कोलेस्टेरॉल यांतलं एक जरी असलं तरी हे नाव लागतं.

आणि दारूचं काय? या आजाराच्या व्याख्येत पुरुषाला आठवड्याला २१० ग्रॅम आणि बाईला १४० ग्रॅम अल्कोहोलपर्यंतची हद्द धरलीय. व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम. पण ही हद्द आजाराला नाव कुठलं द्यायचं यासाठी आहे, प्यायच्या परवान्यासाठी नव्हे. आधीच चरबी असलेल्या यकृतावर ‘फक्त शनिवारी’ची दारू ओतणं म्हणजे वाळलेल्या गवताशेजारी विडी ओढणं.

बाकीची कारणं भराभर सांगतो. पाळी गेल्यानंतर बायकांचं संरक्षण कमी होतं. पीसीओडी असलेल्या मुलींत हा आजार जास्त दिसतो, गरोदरपणात शुगर वाढलेल्या बायकांतही. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड मंदावणं, दीर्घकाळ स्टेरॉइड, टॅमॉक्सिफेन किंवा मेथोट्रेक्सेट अशी औषधं चालू असणं. आणि आनुवंशिकता: २००८ साली डॅलसमध्ये पीएनपीएलए३ नावाच्या जनुकातला एक बारीकसा बदल सापडला. तो असलेल्यांच्या यकृतात चरबी जास्त साठते आणि पुढची इजाही जास्त होते. आपल्याकडे हे जनुक रोज तपासायची गरज नाही. ‘घरात कुणाला सिरॉसिस झाला होता का, आणि तो माणूस पीत होता का’ हा प्रश्न फुकट विचारता येतो. उत्तर बऱ्याचदा असं येतं: “आजी गेली पोटात पाणी होऊन. कधी थेंब घेतला नाही, माळकरी होती.”

आता प्रवास. यकृताच्या पेशीत चरबीचा थेंब असणं ही काही आग नव्हे. उलट चरबीला थेंबात बंद करून ठेवणं ही पेशीची एक प्रकारे सावधगिरीच असते. त्रास देतात ते थेंबात न मावलेले, पेशीत मोकाट फिरणारे चरबीचे तुकडे. त्यांनी पेशीची यंत्रणा बिघडते, पेशी फुग्यासारखी फुगते, काही मरतात. मेलेल्या पेशी उचलायला यकृतातले सफाई कामगार येतात, आणि ते नुसते झाडून जात नाहीत, आरडाओरड करतात. म्हणजे सूज. यकृताला तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं, तेव्हा आतड्यातून झिरपलेले जंतूंचे अंशही या गोंधळात तेल ओततात.

हा आरडाओरडा ऐकून जाग्या होतात त्या ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी. एरवी त्या अ जीवनसत्त्व पोटाशी धरून कोपऱ्यात शांत बसलेल्या असतात. जाग्या झाल्या की त्या गवंड्याचं काम करू लागतात: जिथे पेशी पडल्या तिथे तंतूंचं लिंपण. गुडघा फुटला की व्रण राहतो, तसाच हा यकृतातला व्रण. एकदोनदा लिंपलं तर भिंत सावरते. पण चरबीचं ओतणं थांबलं नाही तर गवंडी थांबत नाहीत, आणि वर्षानुवर्षांनी खोलीपेक्षा भिंतीच जास्त होतात. या लिंपणाचे टप्पे शून्य ते चार, म्हणजे एफ-झिरो ते एफ-फोर. एफ-फोर म्हणजे सिरॉसिस. रिपोर्टमध्ये शोधायची ती ही संख्या, आणि नेमकी तीच सोनोग्राफीच्या रिपोर्टात नसते.

किती वर्षं लागतात? ज्या रुग्णांच्या यकृताचे तुकडे काही वर्षांच्या अंतराने दोनदा तपासले, त्यांचे अभ्यास २०१५मध्ये एकत्र केले गेले. नुसती चरबी असलेल्यांत एक टप्पा पुढे सरकायला सरासरी १४ वर्षं लागली. चरबीसोबत सूज असलेल्यांत ७ वर्षं. सरासरीवर फार विसंबू नये. बरेच जण जागचे हलत नाहीत, काही मागे येतात, आणि काही थोडे जण पळत सुटतात. पळणारे कोण याचा अंदाज बांधता येतो: मधुमेह, पन्नाशीपुढचं वय, वाढतं वजन, दारू, घराण्यातला सिरॉसिस. एकाच माणसात यातल्या तीन गोष्टी असतील तर मी ग्रेडकडे बघतही नाही.

आणि काकूंची ‘उतरलेली’ ग्रेड? यकृत सिरॉसिसकडे सरकतं तसतशी त्यातली चरबी कमी होत जाते, कधीकधी पार दिसेनाशी होते. राख झाल्यावर जाळ दिसत नाही, तसं. दुधीच्या रसाचा त्यात काही हात नव्हता.

या सगळ्यात माणसाला काय जाणवतं? बहुतेकदा काही नाही. थोडा थकवा, उजवीकडे जरा जडपणा. यकृताच्या आत दुखण्याच्या नसा नाहीत. कावीळ, पोटात पाणी म्हणजे जलोदर, रक्ताची उलटी, किंवा माणूस अचानक विसराळू आणि बरळायला लागणं, ही सगळी उशिराची लक्षणं. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की कावीळ एवढंच डोक्यात असतं, त्यामुळे डोळे पांढरे आहेत तोवर सगळं ठीक असा समज. सिरॉसिस झाला की यकृताच्या कर्करोगाचीही भीती असते, आणि या आजारात तो क्वचित सिरॉसिसच्या आधीही गाठतो. तरी एक गोष्ट ध्यानात घ्या: फॅटी लिव्हर असलेली माणसं सगळ्यांत जास्त यकृताने नव्हे, हृदयविकाराने जातात. यकृतातली चरबी हा मुळात सगळ्या शरीराच्या बिघाडाचा बाहेर आलेला एक कोपरा आहे.

मग ओळखायचं कसं? यासाठी एक साधं गणित आहे, फिब-फोर नावाचं. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतले दोन आकडे) आणि प्लेटलेट, असे चार आकडे, जे बहुतेकांच्या फाइलीत आधीच पडलेले असतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने.

जावई: वय ३६, एसजीओटी ४०, एसजीपीटी ८१, प्लेटलेट २.५ लाख. ३६ गुणिले ४० म्हणजे १४४०. ८१चं वर्गमूळ ९, गुणिले २५० म्हणजे २२५०. उत्तर ०.६४.

काकू: वय ५८, एसजीओटी ४६, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १.५ लाख. वर २६६८, खाली ९००. उत्तर २.९६.

१.३च्या खाली असेल तर मोठा व्रण नसण्याचीच शक्यता दांडगी (पासष्टीपुढे ही रेघ २ धरतात). २.६७च्या वर असेल तर यकृताच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. मधल्यांनी पुढची तपासणी करायची. काकूंच्या रिपोर्टात लॅबने फक्त एसजीओटीसमोर एक तारा छापला होता. एसजीपीटी नॉर्मल. प्लेटलेट नॉर्मलच्या उंबरठ्यावर, पण आत. अशा एकेका आकड्याकडे बघून कुणीही ‘ठीक आहे’ म्हणेल, आणि इतकी वर्षं म्हणतच आले होते. प्लेटलेट का घसरतात? यकृत कडक झालं की त्यात शिरणारं रक्त तुंबतं, ते तुंबणं प्लीहेपर्यंत जातं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडवून ठेवते. म्हणून डेंग्यू नसताना वर्षागणिक उतरत जाणारे प्लेटलेट ही यकृताचीच बातमी असू शकते. पण ही बातमी मिळते जुने रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले तरच, आणि आपण जुने रिपोर्ट दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत घालतो.

पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. बरगड्यांच्या फटीवर एक कांडी टेकवतात, ती टिचकी मारल्यासारखा हलका धक्का देते, आणि तो धक्का यकृतातून किती वेगाने जातो यावरून कडकपणा मोजते. कडक वस्तूतून लहर वेगाने जाते. कलिंगड वाजवून बघतो त्यातलाच प्रकार. उपाशीपोटी करायची, दुखत नाही, दहा मिनिटांत संपते. आकडा किलोपास्कलमध्ये येतो. ८च्या खाली असेल तर निर्धास्त, १२च्या वर असेल तर काळजी. काकूंचा १४.२ आला. जावईबापूंना गरज नव्हती, पण त्यांनी हट्टाने करून घेतला: ५.४.

उपायांत सर्वांत वर वजन आहे, आणि ते कंटाळवाणं आहे याला माझा नाइलाज आहे. क्यूबामध्ये २९३ रुग्णांनी वर्षभर आहार-व्यायाम केला आणि आधी-नंतर यकृताचे तुकडे तपासले; निकाल २०१५मध्ये आले. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यापैकी ९० टक्क्यांची सूज गेली, ४५ टक्क्यांचा व्रणही मागे हटला. पण १० टक्क्यांची मजल मारणारे होते जेमतेम दहातले एक. चरबी मात्र पाचेक टक्क्यांतच कमी होऊ लागते. ९१ किलोच्या माणसाला ते साडेचार किलो. बारीक माणसाला तर त्याहून कमी पुरतं. आठवड्याला अर्धा ते एक किलोच्या वर घाई नको. उपाशी राहून धाडकन वजन पाडलं तर यकृत बिथरतं. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि राजगिऱ्याच्या वड्या हा प्रकार तर मी धरतच नाही: एकादशी अन् दुप्पट खाशी. रोज अर्धा तास घाम येईल असं चालणं-पळणं किंवा वजनं उचलणं याने काटा हलला नाही तरी यकृतातली चरबी हलते. बिनसाखरेची दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत व्रण कमी दिसतात, तेव्हा कॉफीवाल्यांनी कॉफी सोडायची गरज नाही.

औषधं आता येऊ लागली आहेत. भारतात २०२०मध्ये सरोग्लिटाझारला मान्यता मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४मध्ये रेस्मेटिरॉमला आणि ऑगस्ट २०२५मध्ये सेमाग्लुटाइडला, तेही सूज आणि मध्यम-जास्त व्रण असलेल्यांसाठी. ग्रेड वनवाल्यांसाठी यातलं काही नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी लिव्हर खराब करते म्हणून बंद करणारे बरेच भेटतात. फॅटी लिव्हरमध्ये ती सुरक्षित आहे आणि हृदयासाठी लागतेच. दुकानातल्या ‘लिव्हर टॉनिक’ने लघवीचा रंग बदलतो, यकृताचा नाही. काढ्यांबद्दल मी जास्तच कडक आहे. २०२० अखेरीस गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये छापली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. मी माझ्या रुग्णांना एवढंच सांगतो की यकृत आधीच कडक असेल तर तिथे प्रयोग नकोत, मग ते झाड अंगणातलं का असेना.

काकूंना यकृततज्ज्ञांनी सिरॉसिसची सुरुवात आहे असं सांगितलं. अजून यकृत काम सांभाळून आहे. शुगर काटेकोर, दुधीचा रस बंद, दर सहा महिन्यांनी कर्करोगाच्या पाळतीसाठी सोनोग्राफी, आणि पंगतीत पापडाऐवजी मुठीएवढी जास्त उसळ, कारण अशा यकृताला प्रथिनं कमी पडू द्यायची नसतात. जावयांनी आठ महिन्यांत सात किलो उतरवले.

राहिली ती बायको. त्या पहिल्या दिवशी दोघांच्या फाइली मांडीवर घेऊन ती मधल्या खुर्चीत बसली होती, तारखा आणि गोळ्यांची नावं तीच सांगत होती. वय ३३. कॉलेजपासून पीसीओडी. पहिल्या बाळंतपणात शुगर वाढलेली, नंतर कधी तपासलेली नाही. आई सिरॉसिसची, आणि आईने आयुष्यात दारूला शिवलेलं नाही. तिची स्वतःची फाइलच नव्हती. फिब-फोरचं गणित पस्तिशीच्या आत नीट चालत नाही, म्हणून तिला शुगर, लिपिड आणि थेट फायब्रोस्कॅन लिहून दिला. “माझा कशाला?” असं ती म्हणाली, आणि काकू पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलल्या.